भट्टीच्या कूलिंग लाइनवर सेन्सर कुठे बसवायचे?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत मेंटेनन्सला असाल तर इंडक्शन भट्टीच्या कूलिंगच्या पाण्यापासून सुरुवात करा. कॉईल (भट्टीभोवतीची तांब्याची पोकळ नळी, जिच्यातून हे पाणी फिरतं) फुटून पाणी वितळलेल्या धातूखाली गेलं तर स्फोट होतो, माणसं जातात. इथे हयगय नको.

बऱ्याचदा कॉईलमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर एकच टेंपरेचर सेन्सर असतो. अलार्म वाजतो, पण पाणी का तापलं ते कळत नाही. फिल्टर चोक झाला, पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) झिजला की हीट एक्स्चेंजरमध्ये (पाणी थंड करणाऱ्या भागात) क्षार साचला? तिन्हींत पाणी तापतंच.

म्हणून आधी कागदावर तक्ता आखा. डावीकडे बिघाड, वर सेन्सरच्या जागा. प्रत्येक चौकटीत ‘वाढतं’, ‘घटतं’ किंवा ‘तेच’ लिहा. दोन बिघाडांच्या ओळी सारख्या आल्या, तर ते दोन तुम्हाला कधीच वेगळे ओळखता येणार नाहीत. ज्या जागेमुळे त्या ओळी वेगळ्या होतात, तिथेच पुढचा सेन्सर.

आपल्या लाइनवर पाणी पंप, फिल्टर, एक्स्चेंजर, कॉईल असं जातं. फ्लोमीटर घ्यावासा वाटतो, पण फिल्टर चोक झाला काय नि पंप झिजला काय, फ्लो घटतोच. फिल्टरनंतरचं प्रेशरही दोन्हींत घटतं. पंप आणि फिल्टरच्या मधे प्रेशर सेन्सर लावा: फिल्टर चोक झाला तर तिथे प्रेशर वाढतं, पंप झिजला तर घटतं. एक्स्चेंजरसाठी कॉईलमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं टेंपरेचर घ्या. क्षार साचला की ते चढतं. (फ्लो कमी होताच भट्टी बंद करणारा फ्लो स्विच मात्र काढू नका. तो सुरक्षेसाठी आहे, निदानासाठी नव्हे.)

कॉईलला पाण्याचे समांतर मार्ग असतील तर प्रत्येक मार्गातून पाणी बाहेर पडतं तिथे वेगळा टेंपरेचर सेन्सर हवाच. एकच मार्ग तुंबला तर बाकीच्या थंड पाण्यात मिसळून त्याची उष्णता दिसत नाही, आणि कॉईल तिथेच जळते. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

प्रेशरचं टॅपिंग (सेन्सर जोडायचं भोक) आडव्या पाइपच्या बाजूला घ्या. वर हवा अडकते, खाली गाळ बसतो. एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) लगत नको. सिग्नलची केबल भट्टीच्या पॉवर केबलपासून लांब न्या.

पाइपला भोक पाडण्याआधी, सुट्टीच्या दिवशी, भट्टी रिकामी, तिची पॉवर बंद पण पंप चालू असताना, पंप आणि फिल्टरच्या मधे तात्पुरता गेज लावून त्याच्या पुढचा, फिल्टरजवळचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. काटा वर सरकला, तर तक्त्यातली ती चौकट बरोबर.