आजारपण आणि दांडी: हजेरीपटावर दोन्ही वेगळं ठेवा

तापाने अंथरुणाला खिळलेला माणूस आणि न सांगता दांडी मारणारा माणूस, दोघांच्याही नावापुढे हजेरीपटावर 'गैरहजर' एवढंच लागतं. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून निदान तीन खुणा ठेवा: मंजूर रजा, आजारपण, विनापरवानगी. कारण कळलं नसेल तर रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करा; अंदाजाने शिक्का मारू नका.

निरोपाचा नियम कामावर घेतानाच लेखी द्या: शिफ्ट सुरू होण्याआधी, स्वतः, थेट सुपरवायझरला फोन. ग्रुपवर टाकलेला मेसेज धरू नका, तो कुणी कधी वाचला याचा पत्ता लागत नाही. स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नसेल तर घरच्यांचा फोन चालेल. फोनवर तीनच गोष्टी विचारा: साधारण किती दिवस लागतील, हातातलं कोणतं काम अडेल, पुन्हा कधी बोलायचं. आजाराच्या खोलात शिरू नका. नोंद अशी दिसावी: '८.४०, स्वतः फोन, ताप, अंदाजे २ दिवस, परवा सकाळी बोलणे.'

डॉक्टरांचा दाखला कितव्या दिवसापासून लागेल हेही आधीच ठरवा. एका दिवसासाठीही दाखला मागितला की साध्या सर्दीचा माणूस दवाखान्यात रांग लावतो आणि एकाऐवजी दोन दिवस घरी राहतो.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो कामावर परत रुजू होण्याच्या दिवशीच्या बोलण्याचा, आणि नेमकं तेच टाळलं जातं. दार लावून दहा मिनिटं बसा. आता बरं आहे का, औषधाने झोप येते का, उभ्याने काम झेपेल का, कामामुळेच त्रास झाला का, हे विचारा. गरज असेल तर काही दिवस हलकं काम द्या आणि ते कधीपर्यंत, तेही लिहा. प्रत्येक खाड्यानंतर, प्रत्येकाशी हे बोलणं व्हायला हवं. ठरावीक लोकांनाच बोलावलंत की ती झडती वाटते.

वारंवार होणारे छोटे खाडे मोजायला ब्रॅडफर्ड फॅक्टर वापरतात: ५२ आठवड्यांत किती वेळा गैरहजेरी झाली त्या संख्येचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग १० दिवसांच्या एका आजारपणाचे १० गुण होतात. एकेका दिवसाचे सुटे सुटे १० खाडे असतील तर १,०००. पण आकडा पाहून फक्त बोलायला बसा, शिक्षा ठरवू नका. दमा किंवा अर्धशिशीच्या रुग्णाचे गुणही असेच फुगतात.

निरोपच आला नाही, तर पहिल्या तासाभरात फोन करा, दुपारी पुन्हा करा, मग त्याने नोंदवलेल्या आपत्कालीन संपर्काच्या क्रमांकावर. इथे आधी काळजी, मग शिस्त. अपघातही झालेला असू शकतो. प्रत्येक प्रयत्नाची वेळ टिपा. दुसऱ्या दिवशी ईमेल पाठवा. तिसऱ्या दिवशी पोचपावती मिळेल असं पत्र धाडा: गैरहजेरीच्या तारखा, कुणाशी संपर्क करायचा, कधीपर्यंत, आणि उत्तर न आल्यास काय होईल. 'नोकरी सोडली असे समजतो' हे वाक्य त्यात घालू नका. माणूस रुग्णालयात होता असं निघालं तर ते तुमच्यावरच उलटतं.

तो परतल्यावर आधी त्याची बाजू ऐका, पुरावे पाहा. कारण पटलं तर नोंद बदला आणि तसं त्याला लेखी कळवा. नाही पटलं तर ताकीद द्या. मात्र अशाच दांडीला याआधी कुणाला काय केलं होतं, ते जुने कागद काढून पाहिल्याशिवाय सही करू नका.