वर्गसभा कशी सुरू करावी आणि कशी टिकवावी

लोकशाहीची व्याख्या पाठ करून मुले लोकशाही शिकत नाहीत. आपण बोललो, बाकीच्यांनी ऐकले, एक निर्णय झाला आणि तो अमलात आला, हा अनुभव त्यांना पुन्हा पुन्हा यावा लागतो. त्यासाठी वर्गसभा, म्हणजे वर्गातल्या गोष्टींवर मुलांनी एकत्र बसून चर्चा आणि निर्णय करण्याची सभा, घ्यावी; तिला आठवड्याला ४० मिनिटांची एक तासिका पुरते. ही काही शाळेने केलेली मेहेरबानीही नव्हे. स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क मुलांना संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम १२ ने दिला आहे.

आधी हद्द आखा

सर्वांत महत्त्वाचे काम पहिल्या सभेच्या आधीच करायचे असते. एका तक्त्यावर तीन रकाने करा. पहिल्यात मुलांनी स्वतः ठरवायच्या गोष्टी: बसण्याची रचना, वर्गातल्या कामांची वाटणी, वाचनकोपऱ्याचे नियम. दुसऱ्यात मुलांचे ऐकून शिक्षकांनी ठरवायच्या: गृहपाठाचे वार, चाचणीची तारीख. तिसऱ्यात सभेच्या हाती नसलेल्या: अभ्यासक्रम, सुरक्षेचे नियम. पहिल्या रकान्यात चार-पाच खऱ्या गोष्टी हव्यातच. मुख्याध्यापकांची संमती घेऊन तक्ता भिंतीवर लावा.

वर्गसभा बहुतेकदा इथेच फसते. मुले तासभर चर्चा करून ठराव करतात आणि दुसऱ्या दिवशी तो वरून फिरवला जातो. असे दोनदा झाले की तिसऱ्या सभेत कोणी तोंड उघडत नाही. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. मुलांना हवे तसे वळवणे, शोभेपुरते उभे करणे आणि नावापुरते विचारणे या खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. मर्यादा स्पष्ट सांगितली तर मुले ती मान्य करतात; दिलेला अधिकार काढून घेतलेला मात्र विसरत नाहीत.

विषय आणि जबाबदाऱ्या

विषयांसाठी वर्गात एक पेटी ठेवा. चिठ्ठीवर नाव हवे आणि तक्रारीसोबत 'काय करावे' हेही लिहिलेले हवे. एका सभेत दोनच विषय घ्या. अध्यक्ष, इतिवृत्त लिहिणारा, वेळ पाहणारा आणि बोलणाऱ्यांचा क्रम लावणारा अशी चार कामे दर महिन्याला बदला. ती चिठ्ठ्या टाकून द्या. निवडणूक घेतली तर तीच लोकप्रिय मुले पुन्हा पुन्हा येतात.

सभा चालवताना

सर्वांनी गोलात बसावे, शिक्षकांनीही, आणि बोलायचे असल्यास त्यांनीही हात वर करावा. पहिली ५ मिनिटे मागच्या ठरावांचे काय झाले यासाठी, मग प्रत्येक विषयाला १५ मिनिटे आणि शेवटची ५ मिनिटे ठराव मोठ्याने वाचण्यासाठी. विषय मांडल्यावर लगेच चर्चा उघडू नका. २ मिनिटे प्रत्येकाने आपापले लिहावे, ३ मिनिटे शेजाऱ्याशी बोलावे. एवढ्यानेही गप्प राहणारी मुले बोलू लागतात. एकदा बोललेल्याची पाळी नवे हात संपल्यावरच.

मत घेताना

घाईने हात मोजू नका. समजा ३६ मुले आहेत आणि तीन पर्यायांना १४, १२ व १० मते पडली. १४ वाला पर्याय जिंकला म्हणायचा, पण २२ जणांची पहिली पसंती तो नव्हता. अशा वेळी पहिल्या दोन पर्यायांवर दुसरी फेरी घ्या, किंवा जे जे चालेल त्या सर्वांना मत द्यायला सांगा. मतदानाआधी विरोधात असलेल्यांना विचारा, 'यात काय बदलले तर तुम्हाला चालेल?' अनेकदा छोट्याशा दुरुस्तीने बहुतेकांचे समाधान होते आणि मोजणीची गरजच उरत नाही. मैत्रीचे दडपण येईल अशा विषयावर मतदान गुप्त घ्या.

एका बाबतीत ठाम राहा: कोणाला शिक्षा करायची, कोणाला गटाबाहेर ठेवायचे यावर मतदान नाही. बहुमताने कोणाचाही अपमान करता येत नाही, हे मुलांना इथेच कळायला हवे. दोघांमधले भांडण सभेत न आणता त्या दोघांना घेऊन वेगळे सोडवा.

ठरावानंतर

ठरावात काय, कोण आणि कधीपर्यंत हे तिन्ही लिहा. 'वर्ग स्वच्छ ठेवावा' हा ठराव नव्हे. 'शुक्रवारी शेवटच्या १० मिनिटांत दुसरी रांग कपाट लावेल' हा ठराव. प्रत्येक नियम आधी दोन आठवडे वापरून पाहायचा आणि मग ठेवायचा, बदलायचा की काढायचा ते सभेनेच ठरवायचे. मुलांचा निर्णय तुम्हाला कच्चा वाटला, पण त्याने कोणाला इजा होणार नसेल, तर तो चालू द्या. आपणच केलेला नियम का चालला नाही हे शोधताना मुलांची जी चर्चा होते, ती एरवी होत नाही.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी १५ मिनिटे आणि एकच विषय पुरे. पर्याय चित्रांतून दाखवा, मतासाठी प्रत्येकाला एक मणी द्या आणि मोजणी सर्वांसमोर करा.