भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक्स हाताने कसे शिकावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याला किर्चॉफचे नियम, थेवेनिनचे प्रमेय आणि डायोडचा आलेख परीक्षेपुरता चांगला येत असतो. प्रयोगशाळेत मात्र त्याच्या पुढ्यात येणारे सर्किट बहुधा आधीच बोर्डवर जोडलेले आणि वर आकृती छापलेले असते. तो चार वायरी लावतो, निरीक्षणे घेतो, आलेख काढतो आणि जर्नलवर सही घेतो. सर्किट का चालले हे त्याला सांगता येते, परंतु ते चालले नाही तर दोष कुठे शोधावा हे त्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. ही उणीव घरच्या घरी, थोड्या खर्चात भरून काढता येते, मात्र त्यासाठी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी लागते. मीटर लावण्यापूर्वी कोणता आकडा यायला हवा ते गणित करून वहीत लिहावे, मग मोजावे, आणि दोन आकड्यांत तफावत आली तर तिचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. यासाठी लागणारे गणित भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याकडे आधीच असते, आणि ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

सुरुवातीला एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडण्याची भोकांची पाटी), एक डिजिटल मल्टिमीटर, पाव वॉटचे निरनिराळ्या किमतींचे रेझिस्टर, थोडे कपॅसिटर, एलईडी, डायोड आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एवढे पुरते. हे सामान ऑनलाइन मिळते, पण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जाऊन घेतल्यास त्यासोबत माहितीही मिळते. विजेसाठी पहिले काही महिने ९ व्होल्टची बॅटरीच वापरावी. चूक झाली तरी तिच्याने अंगाला इजा होत नाही, आणि पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला वीज गेली तरी प्रयोग अडत नाही.

पहिला प्रयोग अगदी साधा आहे, पण त्यावर एक पूर्ण संध्याकाळ खर्च करावी. प्रत्येकी १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसरीत जोडून त्यांना ९ व्होल्ट द्यावेत. मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट यायला हवेत, म्हणून तो आकडा वहीत लिहावा. आता मीटर लावल्यास, तो अगदी स्वस्तातला असेल तर, बहुधा ३ व्होल्टच्या आसपास वाचन दिसेल. मीटर बिघडलेला नाही आणि रेझिस्टरही खोटे नाहीत. स्वस्त डिजिटल मीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारण १ मेगाओहम असतो आणि तो खालच्या रेझिस्टरला समांतर जोडला गेल्याने खालचा रोध निम्मा होतो. थेवेनिनच्या प्रमेयाने पाहिले तर हा ४.५ व्होल्टचा स्रोत ५०० किलोओहमच्या रोधामागे बसलेला आहे, आणि मीटरने त्यातून प्रवाह घेतला आहे. बऱ्या मीटरचा रोध १० मेगाओहम असतो. त्यावर हेच वाचन सुमारे ४.२९ व्होल्ट येईल. जुना काट्याचा मीटर मिळाला, त्यावर दर व्होल्टला २० किलोओहम असे लिहिले असले आणि तो १० व्होल्टच्या टप्प्यावर ठेवला, तर वाचन जेमतेम १.३ व्होल्ट येईल. हेच गणित उलट करून आपल्या मीटरचा रोध काढावा आणि तो मीटरच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून ठेवावा, कारण पुढे प्रत्येक मोजमापात तो लागणार आहे. त्यानंतर १ मेगाओहमच्या जागी १ किलोओहमचे रेझिस्टर घालून तेच मोजावे. आता ४.५ आणि वाचन यांत फरक उरला तर तो रेझिस्टरच्या ५ टक्के सहिष्णुतेचा (टॉलरन्सचा) आणि बॅटरी प्रत्यक्षात नेमके ९ व्होल्ट देत नसल्याचा असतो.

यानंतर कपॅसिटर घ्यावा. १०० किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरड यांचा कालस्थिरांक ४७ सेकंद येतो, त्यामुळे ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारे उपकरण) नसतानाही मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घातांकी वक्र काढता येतो. पण मीटर सतत जोडून ठेवला आणि त्याचा रोध १ मेगाओहम असला, तर कपॅसिटर ९ ऐवजी ८.२ व्होल्टपर्यंतच चढतो आणि कालस्थिरांक ४३ सेकंदांच्या जवळ येतो. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेल्या किमतीत २० टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो. ही दोन कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करायची हे ज्याला ठरवता आले, त्याला हा प्रयोग समजला असे मानावे. या कपॅसिटरची पट्टी असलेली बाजू ऋण असते. ती उलटी जोडल्यास तो तापून फुटू शकतो, म्हणून वीज देण्यापूर्वी ती बाजू दर वेळी पाहावी.

बॅटरीवर हात बसल्यावर स्वतःचा ५ व्होल्टचा वीजपुरवठा बांधावा. इथे २३० व्होल्टशी संबंध येतो, आणि याबाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला फ्यूज हवा, तिथला प्रत्येक जोड स्लीव्हने झाकलेला हवा, आणि ती बाजू बंद डब्यात हवी. प्लग सॉकेटमध्ये असताना त्या डब्यात हात घालू नये. गावाकडच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याला अर्थिंग जोडलेले असतेच असे नाही, म्हणून आधी ते वायरमनकडून तपासून घ्यावे. मोबाइलचा चार्जर कुतूहलाने उघडू नये, कारण त्यातल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात.

९ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन ४००७ डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट स्थिर ठेवणारा ७८०५ रेग्युलेटर, एवढ्यात काम होते. पुन्हा आधी गणित करावे. ९ ला १.४१४ ने गुणल्यास १२.७ येतात, त्यांतून दोन डायोडचे १.४ गेले की ११.३ व्होल्ट उरतात. भार न जोडता मोजल्यास वाचन बहुधा याहून जास्त येईल, कारण ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले ९ व्होल्ट पूर्ण भारावरचे असतात. १०० मिलिअँपिअरचा भार जोडल्यास कपॅसिटरवरची लहर, म्हणजे व्होल्टेजमधला उरलेला चढउतार, साधारण १ व्होल्टची असेल. प्रवाहाला १०० हर्ट्झ आणि धारिता यांच्या गुणाकाराने भागले की हा अंदाज मिळतो. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे लहरीचा तळ त्याखाली जात नाही ना हे तपासावे. या भारावर रेग्युलेटरमध्ये साधारण अर्धा-पाऊण वॉट उष्णता होते आणि तो हाताला चांगला गरम लागतो. भार ५०० मिलिअँपिअरवर नेला तर ही उष्णता दोन-तीन वॉटच्या घरात जाते, आणि तिथे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

सोल्डरिंगसाठी २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरे. त्याच्या टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर थापू नये. आधी पायाला आणि बोर्डावरच्या तांब्याला दोन सेकंद उष्णता द्यावी, मग सोल्डर जोडाला लावावे, म्हणजे ते आपोआप पसरते. चांगला जोड चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो, तर गोळ्यासारखा उभा राहिलेला मळकट जोड आज चालतो आणि महिन्याने दगा देतो. या भागातल्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की बोर्डावर राहिलेल्या फ्लक्समधून (सोल्डरसोबत येणाऱ्या चिकट पदार्थातून) आणि बोटांच्या घामातून मेगाओहमच्या सर्किटमध्ये गळती सुरू होते. म्हणून काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड पुसून घ्यावा.

ट्रान्झिस्टरवर फार रेंगाळू नये. बीसी ५४७ चा प्रवाहलाभ ११० ते ८०० मध्ये कुठेही असू शकतो, एवढे एकदा दोन-चार नग मोजून पाहावे, म्हणजे त्या आकड्यावर भिस्त ठेवणारी रचना का करू नये हे पटते. तिथून थेट एलएम ३५८ या ऑपअँपकडे (सिग्नल वाढवणाऱ्या चिपकडे) जावे, कारण तो एकेरी ५ व्होल्टवर चालतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी डेटाशीटची, म्हणजे घटकाच्या निर्मात्याने दिलेल्या माहितीपत्रकाची, धास्ती वाटते, पण ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची नसते. पायांची आकृती, सहन होणाऱ्या कमाल मर्यादांचा तक्ता आणि घटकाच्या नेहमीच्या वर्तनाचे आलेख या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, बाकीचे गरजेनुसार कळत जाते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिककडे, किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची कंट्रोल पॅनेल सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे महिनाभर बसता आले तर ती संधी सोडू नये. अशा ठिकाणी मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात चालते. दोष कोणत्या क्रमाने शोधावा, म्हणजे आधी वीजपुरवठा, मग जोड आणि शेवटी घटक, हे तिथे जितके पक्के होते तितके वर्गात होत नाही. ऑसिलोस्कोप नसेल तर दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले एक्सपाइज हे छोटे उपकरण विभागाला घ्यायला सांगावे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी तापमापक सुचवेन. एलएम ३५ हा सेन्सर दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. हे व्होल्टेज आकड्यात बदलण्यासाठी आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा ५ व्होल्टचा संदर्भ वापरल्यास मोजमापाची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्ध्या अंशाची पडते, तर आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडल्यास ती साधारण एक दशांश अंशावर येते. हा १.१ प्रत्यक्षात १.० ते १.२ मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून बोर्डाच्या एआरईएफ या संदर्भ-व्होल्टेजच्या पायावर तो मोजून घ्यावा, आणि त्यासाठी १० मेगाओहमचाच मीटर वापरावा. मग सेन्सर थोडे तेल घातलेल्या परीक्षानळीत ठेवून ती नळी उकळत्या पाण्यात धरावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० ऐवजी ९७.५ अंशांच्या आसपास उकळते. प्रयोगशाळेत फोर्टिनचा वायुदाबमापक असेल तर त्या दिवशीचा दाब पाहून, जो ६९५ मिलिमीटर पाऱ्याच्या जवळपास असेल, नेमका उत्कलनबिंदू काढावा आणि वाचन घेण्यापूर्वी तो वहीत लिहावा. एलएम ३५ च्या स्वस्त प्रकारात या टोकाला दोन अंशांपर्यंत चूक चालते असे डेटाशीटच सांगते, त्यामुळे आलेल्या फरकातला किती भाग सेन्सरचा आणि किती संदर्भ-व्होल्टेजचा हे ठरवण्यासाठी तेच मोजमाप वितळत्या बर्फाऐवजी ३० आणि ६० अंशांच्या पाण्यात, प्रयोगशाळेतल्या काचेच्या तापमापकाशेजारी पुन्हा घ्यावे.