‘काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?’ या प्रश्नाची उत्तरे कशी पारखावीत

हा प्रश्न आज ज्या रूपात विचारला जातो, ते रूप त्याला जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझ याने १७१४ साली दिले. त्यानंतर तत्त्वज्ञांनी, धर्मशास्त्र्यांनी आणि अलीकडे पदार्थवैज्ञानिकांनी त्याची इतकी उत्तरे दिली आहेत की, एखादे उत्तर पाठ करण्यापेक्षा समोर आलेले उत्तर पारखायला शिकणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे. त्यासाठी आधी ते उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे आहे हे ठरवावे. या एका वाक्याआड तीन निरनिराळे प्रश्न असतात: महास्फोटानंतर द्रव्य शिल्लक का राहिले, महास्फोट मुळात कशातून झाला, आणि निसर्गनियमांसकट कशाचेही अस्तित्व का असावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याच्या नावावर खपवले जाते आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून करावी, कारण तिथे हाताशी आकडे आहेत. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक याने १९२८ साली मांडलेल्या समीकरणातून प्रतिकणांची, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाच्या पण उलट विद्युतभाराच्या कणांची, कल्पना पुढे आली आणि १९३२ साली अँडरसनला इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, म्हणजे पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. कण आणि प्रतिकण जोडीने जन्मतात आणि एकमेकांना भेटले की दोघेही नष्ट होऊन त्यांची ऊर्जा प्रकाशासारख्या रूपात उरते. आरंभी दोन्ही अगदी समसमान असते, तर १३८० कोटी वर्षांनंतरच्या आजच्या विश्वात प्रारणाखेरीज जवळजवळ काहीच उरले नसते. प्रत्यक्षात किती उरले, याचा हिशोब वाचकाने स्वतः करून पाहावा. महास्फोटापासून अवकाशात भरून राहिलेल्या प्रारणाचे तापमान २.७२५ केल्विन आहे, आणि त्यावरून दर घनसेंटिमीटरला सुमारे ४१०, म्हणजे घनमीटरला ४१ कोटी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. उलट तारे, वायू, ग्रह असे सगळे साधे द्रव्य अवकाशात समान पसरले आहे असे मानले, तर चार घनमीटरांत मिळून प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन जेमतेम एक येतो. म्हणजे १६४ कोटी फोटॉनांमागे द्रव्याचा एक कण. आरंभीच्या तप्त विश्वात कण आणि प्रतिकण यांच्या संख्येत अब्जामागे एखाद्या कणाचाच फरक होता, असा याचा अर्थ लावला जातो, आणि सगळ्या दीर्घिका त्या फरकातून घडलेल्या आहेत.

हा फरक कुठून आला याविषयी कोणी काही सांगू लागला, तर त्याचे म्हणणे सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांच्या १९६७ च्या तीन अटींवर तपासावे. प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची, म्हणजे बॅरिऑनांची, निव्वळ संख्या बदलू शकेल अशी प्रक्रिया निसर्गात हवी. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यात भेद हवा. आणि हे सारे औष्णिक समतोल, म्हणजे प्रक्रिया आणि तिची उलट प्रक्रिया सारख्याच वेगाने चालण्याची अवस्था, मोडलेला असताना घडायला हवे, नाहीतर मिळालेली आघाडी उलट्या प्रक्रियेत पुसली जाते. यांपैकी दुसऱ्या अटीचा पुरावा १९६४ सालीच, के-मेसॉन या कणांच्या क्षयात, क्रोनिन आणि फिच यांना मिळाला होता. २०२५ साली सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाने तसाच भेद बॅरिऑनांतही नोंदवला. मात्र कणभौतिकीच्या प्रमाण प्रारूपात, म्हणजे ज्ञात मूलकणांच्या सर्वमान्य सिद्धान्तात, बसणारा भेद विश्वातल्या द्रव्याचा हिशोब जुळवण्यास फारच अपुरा पडतो, ही गोष्ट अशा बातम्या वाचताना सोडून देऊ नये. पहिल्या अटीचा सर्वात सरळ पुरावा म्हणजे प्रोटॉनचा क्षय. त्याच्या शोधासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, १९८० च्या दशकात प्रयोग केला होता. असा क्षय आजवर कोठेही निर्विवादपणे दिसलेला नाही. जपानमधील सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधयंत्राच्या मोजमापांनुसार, ज्या क्षयाचा सर्वाधिक शोध घेतला गेला त्याच्यापुरते तरी, प्रोटॉनचे आयुर्मान एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहून जास्त असले पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तपासताना एकच गोष्ट धरून बसावी: उत्तर देणाऱ्याने ‘काहीच नाही’ म्हणताना काय काय शिल्लक ठेवले आहे? भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रायन यांनी १९७३ साली असे सुचवले की, गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण धरली तर विश्वाची एकूण ऊर्जा शून्य असू शकते आणि असे विश्व निर्वातातील पुंज (क्वांटम) चढउतारातून उद्भवू शकते. पण निर्वात म्हणजे अभाव नव्हे. त्यात पुंजक्षेत्रे असतात, आणि अगदी जवळ ठेवलेल्या धातूच्या पृष्ठांवर ती बल लावतात, हे कॅसिमिर यांनी १९४८ साली वर्तवले आणि पुढे ते मोजलेही गेले. अलेक्झांडर विलेंकिन यांनी १९८२ साली याही पलीकडे जाऊन अवकाश आणि काळ दोन्ही वजा केले, तरी पुंजभौतिकीचे नियम त्यांच्याही मांडणीत उरतातच. हे सिद्धान्त त्यामुळे क्षुल्लक ठरत नाहीत. दुसऱ्या प्रश्नासाठी ते मोलाचे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचा निकाल त्यांनी लावला, हा दावा मात्र मान्य करू नये. छांदोग्य उपनिषदातला उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, नेमकी हीच हरकत सांगतो: आरंभी असत् होते असे काहीजण म्हणतात खरे, पण असतातून सत् कसे जन्मेल?

तिसऱ्या प्रश्नाशी प्रयोग पोहोचत नाहीत, म्हणून तिथे उत्तर देणारा कोठे थांबतो हे पाहावे. लाइब्निझ अशा सत्तेपाशी थांबतो, जिच्या अस्तित्वाचे कारण तिच्यातच आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली बीबीसीवर पाद्री कोपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात विश्व फक्त आहे, याहून अधिक काही म्हणण्यास नकार दिला. आणखी काहींच्या मते पूर्ण अभाव ही अवस्थाच अशक्य आहे, त्यामुळे प्रश्न उभाच राहत नाही. मला रसेल यांची भूमिका सर्वात कमी गृहीतकांची वाटते, पण कारण शोधणे ज्यांचे कामच आहे, त्यांनी इथेच का थांबावे याचे समाधानकारक उत्तर तिच्यात मला सापडलेले नाही. वाचकाने कोणतीही बाजू घेण्याआधी तीच कसोटी प्रतिपक्षालाही लावावी: ईश्वराला कारण लागत नसेल तर विश्वाला का लागावे, आणि विश्वाला लागत नसेल तर विश्वाच्या आतल्या प्रत्येक घटनेला ते का लागते.