उत्तरेचा पाऊस, खताचं पोतं आणि हिप्परग्याचं पाणी

पूर्वा नक्षत्र सरत आलं. आता उत्तरा आणि हस्त. सोलापूरकडचा खरा पाऊस हाच. जून-जुलैत ढग नुसते वाकुल्या दाखवून जातात आणि सप्टेंबरात एका रात्रीत ओढे दुथडी वाहतात. नेमकं याच महिन्यात आपण ज्वारीला खत पेरतो आणि आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावलेल्या, उसाला युरिया देतो. म्हणजे खत वाहून जायला सगळ्यात सोपा महिना हाच.

दोन वर्षांपूर्वी पेरणी दोन दिवसांवर आली म्हणून मी रान तयार करून डीएपी, म्हणजे नत्र आणि स्फुरदाचं दाणेदार खत, फेकून मोकळा झालो. रात्री धो धो कोसळला. सकाळी बांधातून जादा पाणी बाहेर जातं त्या सांडव्याशी गाळाची साय धरली होती आणि तिच्यात डीएपीचे दाणे, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे फुगलेले. बोटात धरले की चुरत होते. एवढे तरी दिसले. जे पाण्यासोबत गेलं ते ओढ्यानं खाली नेलं.

ते जातं कुठे? आपल्या भागातले कितीतरी ओढे आदिला नदीला आणि तिथून एकरुखच्या, म्हणजे आपल्या हिप्परग्याच्या तलावात. 1871 साली बांधून झालेला हा तलाव आजही सोलापूर शहराला पाणी पाजतो. युरियातलं नत्र (नायट्रोजन) पाण्यात विरघळून जातं. स्फुरदाची (फॉस्फरसची) रीत वेगळी, ते मातीच्या कणाला धरून बसतं आणि मातीबरोबरच वाहतं. तलावात दोन्ही पोचली की शेवाळाची चंगळ. ते मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडतात. वाईट गोष्ट अशी की स्फुरद तळाच्या गाळात साठून राहतं. खत जायचं थांबलं तरी गाळ ते काही वर्षं थोडं थोडं सोडत राहतो.

"उजनी धरणात सगळ्या पुण्याचं सांडपाणी येतं, माझ्या दोन पोत्यांनी काय बिघडतंय?" हे पारावर हमखास ऐकू येतं. तक्रार खोटी नाही. पण हिप्परग्याच्या वर पुणं नाही, आपलीच रानं आहेत. शिवाय पोतं आपल्याच पैशाचं असतं.

आधी ज्वारीचा हिशेब करू. भारी जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी 60 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद अशी शिफारस आहे. मध्यम जमिनीला 40 आणि 20, हलकीला नुसतं 25 किलो नत्र. भारी रानात एकरी 12 किलो स्फुरद झालं. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 23 किलो असतं, म्हणजे अर्धं पोतं पुरे. राहिलेल्या नत्राला युरियाची जेमतेम एक गोणी. आपण सरसकट एकरी पोतं ओततो, आणि चुनखडीच्या काळ्या रानात जास्तीचं स्फुरद पिकाला न मिळता मातीत अडकतं. मग पहिल्या मोठ्या पावसात तीच माती वाहते. खत फेकू नका. दोन चाड्यांच्या पाभरीनं बियाण्याबरोबरच खाली पेरा, तेही वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल सुकून ओल तेवढी राहिल्यावर, उताराला आडवं.

उसाचं जास्त जपून करायला हवं. आडसालीला हेक्टरी 400 किलो नत्र, त्यातलं 40 टक्के लागणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी. जुलैच्या शेवटी लागण केली असेल तर हा हप्ता नेमका उत्तरा नक्षत्रात येतो. एकरी 64 किलो नत्र म्हणजे युरियाच्या तीन गोण्या एका दमात! त्यांचे दोन-तीन भाग करा, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं द्या. आभाळ भरून आलं असेल तर गोणी फोडूच नका. दिल्यावर मातीआड करा, आणि पाटपाणी असेल तर सरीचं तोंड ओढ्याकडे उघडं ठेवू नका. ठिबक असेल तर आठवड्याला थोडं थोडं सोडा. डाळिंबवाल्यांना हे सांगायला नको, फक्त बहार धरताना मात्रा माती परीक्षण बघून ठरवा, शेजाऱ्याची बघून नको.

ओढ्याच्या काठाला आठ-दहा फूट पट्टा नांगराविना सोडा. त्यात मारवेल लावा, सांडव्याशी वाळ्याची दाट ओळ धरा. गवतात पाण्याचा जोर मोडतो, माती तिथंच बसते, जनावरांना वैरण होते. उकिरडा ओढ्यालगत असेल तर पावसाआधी हलवा. शेणाचं काळं पाणी युरियाइतकंच तलावाला भोवतं, हे आपण सोयीनं विसरतो.

तलावाचं पाणी मागे सरल्यावर जे गाळपेर करतात त्यांनी तिथं रासायनिक खत टाकूच नये. गाळात मुळातच कस असतो, आणि टाकलेलं पुढच्या पावसात सरळ पाण्याखाली जातं. तलाव आटल्यावर गाळ रानात आणणं मात्र चांगलं, वाहून गेलेलं स्फुरद तेवढंच परत येतं. भारी रानात ओतू नका, हलक्या माळावर पसरा. जलपर्णी काढली तर फुलं येण्याआधी काढा, बी तळाशी पडलं तर वर्षानुवर्षं उगवतं. शहराचं किंवा कारखान्याचं सांडपाणी येतं तिथली जलपर्णी खताला वापरू नका.

आता एक काम. पुढचा मोठा पाऊस झाला की सांडव्यातून वाहणारं पाणी काचेच्या बरणीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बोटभर माती दिसली तर हस्त लागायच्या आत सांडव्याशी दगड रचून घ्या.