काळी पडलेली चांदीची पैंजणं अशी उजळली

खानापूरचा पावसाळा म्हणजे कपाटातही ओल. गौरीसाठी आईची हुपरीची पैंजणं काढली तर काळीकुट्ट. रबर लावलं होतं तिथं निळसर-काळा पट्टाच. (रबरात गंधक असतं, चांदीला ते कधीच लावू नका.) टूथपेस्टनं ओरखडे आले, चिंचेनं कड्यांमधला काळेपणा हललाच नाही. घासून घासून हात भरून आले, रडायचंच बाकी होतं.

जमलं ते असं. पैंजणं आधी साबणानं धुतली, तेलकटपणा घालवला. स्टीलच्या पातेल्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल पसरून त्यावर ठेवली. फॉइलला टेकलीच पाहिजेत. वरून १ मोठा चमचा खाण्याचा सोडा, मग १ लिटर उकळतं पाणी. फेस आला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. चांदीवरचं गंधक सुटतं, चांदी जागेवरच राहते. ५ मिनिटांनी चिमट्यानं काढून साध्या पाण्यात खळबळली, जुन्या धोतराच्या कापडानं टिपली, घुंगरांत पाणी राहू नये म्हणून तासभर पंख्याखाली ठेवली. रबराचा पट्टा मात्र दुसऱ्या खेपेला, नव्या फॉइलवर गेला.

चिकटवलेल्या खड्यांचे किंवा मुद्दाम काळे केलेले ऑक्सिडाइज्ड दागिने यात घालू नका.