सायला कीटकाचे कुल कसे ओळखावे

सायला हा झाडाचा रस शोषणारा, उडी मारणारा बारीक कीटक आहे; पण झाडावर उडी मारणारा प्रत्येक बारीक कीटक सायला नसतो. तुडतुड्यांच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) केसासारख्या आखूड असतात, तर प्रौढ सायलाच्या शृंगिकांना साधारणपणे 10 खंड आणि टोकाला दोन राठ केस असतात. मावा सायलाच्या जवळच्या नात्यातला असला, तरी तो उडी मारत नाही.

प्रौढ आणि पिल्ले एकाच झाडावरून गोळा करून 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावीत. नर व मादी दोन्ही हवेत. नराच्या पोटाचे टोक वर वळलेले असते, मादीचे निमुळते.

खरी कसोटी पुढच्या पंखाची आहे. पंखाच्या बुडाशी एकच जाड शीर असते आणि पुढे तिच्या तीन शाखा होतात. या तिन्ही शाखा एकाच बिंदूतून फुटल्या असतील, तर कीटक बहुधा ट्रायोझिडी या सायलाच्या कुलातला असतो. आधी दोन फाटे फुटून त्यांपैकी मागचा पुन्हा दुभंगत असेल, तर इतर कुलांकडे वळावे. वाचताना हे सोपे वाटते. सायला मात्र पंख पाठीवर छपरासारखे उतरते मिटून बसतो, आणि तिरप्या नजरेला दोन फाट्यांमधला आखूड दांडा दिसतच नाही. याच कारणाने मी एक अख्खा संच ट्रायोझिडीत घालून ठेवला होता, आणि ती चूक पिल्ले तपासल्यावरच उघड झाली. तेव्हापासून पंख मुळाशी सोडवून, काचपट्टीवर सपाट बसवून आणि खालून प्रकाश देऊन पाहिल्याशिवाय मी कुलाचे नाव लिहीत नाही. छायाचित्रावरून कुल सांगण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

एवढे करूनही केवळ शिरांवर विसंबू नये, कारण त्यांना अपवाद आहेत. पिल्लाच्या पाच अवस्थांपैकी शेवटची पाहावी. ट्रायोझिडीच्या चपट्या पिल्लांमध्ये पुढच्या पंखकळीचा (वाढत्या पंखाच्या पिशवीचा) कोपरा बहुधा डोळ्याच्या दिशेने पुढे आलेला असतो. दोन्ही पुरावे जुळले, की मगच निर्णय घ्यावा.

वर्गीकरणाचा तक्ता जुना नाही ना, हेही पाहावे. 2012 च्या मांडणीत सायलांची आठ कुले होती, 2021 च्या मांडणीत सात आहेत. लिंबूवर्गीय झाडांवरचा डायाफोरिना सिट्री हा सायला पूर्वी लिव्हिडी कुलात होता, आता तो सिलिडीत गणला जातो.

यजमान वनस्पतीच्या नोंदीत सर्वाधिक निष्काळजीपणा होतो आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण एकदा छापलेली चुकीची नोंद पुढे अनेक याद्यांमध्ये उतरत जाते. प्रौढ कुठेही बसतो. गाजरावर वाढणारा ट्रायोझा एपिकॅलिस हा सायला हिवाळा सूचिपर्णी झाडांवर काढतो. म्हणून ज्या झाडावर पिल्ले वाढून प्रौढ होतात, त्यालाच यजमान म्हणावे, आणि पिल्ले न सापडल्यास चिठ्ठीवर ‘केवळ प्रौढ आढळले’ असे स्पष्ट लिहावे.